देशीपणाची सोय आणि नियमांचे कथन

मराठी समीक्षेसमोर एखादा अपरिचित कथनप्रकार आला की तिच्या तोंडून दोनच वाक्ये बाहेर पडतात. ‘हे साहित्य नव्हे’ हे पहिले. आणि ते टिकत नाही असे दिसू लागले की ‘हे आपल्याकडे होतेच’ हे दुसरे. पहिल्या वाक्याने दार बंद होते, दुसऱ्याने ते उघडल्यासारखे दिसते. परंतु दोहोंचे कार्य एकच : समोर जे आहे ते नीट पाहण्याच्या श्रमातून समीक्षकाची सुटका करणे. इंग्रजीत ज्यांना टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम म्हणतात आणि ज्यांच्या कथनप्रधान शाखेला प्रस्तुत लेखात ‘कथनखेळ’ म्हटले आहे, त्यांच्याविषयी बोलताना आपण सध्या पहिल्या वाक्याकडून दुसऱ्याकडे सरकत आहोत. हे सरकणे प्रगतीचे लक्षण मानले जाते. माझ्या मते दुसरे वाक्य पहिल्याहून अधिक घातक आहे.

प्रकार कोणता, हे आधी सांगणे भाग आहे. चार-पाच मित्र टेबलाभोवती किंवा सतरंजीवर बसतात. कागद, पेन्सिली, फासे किंवा पत्ते एवढेच साहित्य. प्रत्येक जण एखादी भूमिका घेतो आणि आपले पात्र काय करते ते बोलून सांगतो. बहुधा एक जण सूत्रधार असतो आणि तो उरलेल्या जगाच्या वतीने बोलतो. पात्राच्या कृतीचे फळ संशयित असेल तेथे नियम आणि फासे निर्णय देतात. दोन-तीन तासांत एक गोष्ट घडते. ती आधी कोणालाच ठाऊक नसते. याचे मूळ युद्धखेळांत आहे. प्रशियन लष्करी अधिकाऱ्यांसाठी रायस्वित्झने १८२४ साली सिद्ध केलेल्या खेळात पंच होता, नकाशा होता, फासे होते; नव्हते ते पात्र. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने पलटणीच्या जागी एकेक व्यक्ती आणली. पुढे जेसन मॉर्निंगस्टारचा ‘फियास्को’ (२००९), व्हिन्सेंट बेकरचा ‘अपॉकॅलिप्स वर्ल्ड’ (२०१०), एव्हरी ऑल्डरचा ‘द क्वायट इयर’ (२०१३) अशा खेळांनी लढाईचा हिशेब मागे सारून कथनालाच केंद्रस्थानी आणले. ‘फियास्को’त तर सूत्रधारही नाही. प्रस्तुत लेखक काही वर्षे बारामतीत मित्रमंडळींबरोबर हे खेळ खेळत आणि खेळवत आला आहे. आणि पुढील विवेचन त्या बैठकांतून निघाले आहे, ग्रंथालयातून नव्हे.

‘हे साहित्य नव्हे’ या आक्षेपाचा परामर्श थोडक्यात घेता येईल, कारण तो मांडणाऱ्यांनाच त्यावर फारसा विश्वास उरलेला नाही. संहिता मागे राहत नाही म्हणून कथन नाही, असे म्हणायचे तर कीर्तनाचा उत्तररंग आणि तमाशातील बतावणी यांना कथनमीमांसेबाहेर काढावे लागेल. शिवाय मराठीचा आद्य गद्यग्रंथ तरी कसा आहे? ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत नष्ट झाल्यावर अनुयायांच्या स्मरणातून ते पुन्हा उभे राहिले आणि एकाच लीळेविषयी भिन्न भिन्न सांगणाऱ्यांच्या ‘वासना’ पाठात नोंदवल्या गेल्या. सांगणाऱ्यांतील मतभेद पोटात घेऊन उभी असलेली संहिता आपल्या परंपरेच्या आरंभीच आहे. आणि तरीही एकहाती, मुद्रित, अंतिम अशा पाठालाच आपण साहित्य समजत आलो. लेखकाच्या मृत्यूवरील बार्थचा निबंध आपल्या विद्यापीठांतून कित्येक वर्षे शिकवला जातो. लेखक खरोखरच नसलेला कथनप्रकार समोर आल्यावर मात्र ते शिकवणारेच अस्वस्थ होतात, ही मोठी गमतीची गोष्ट आहे.

आता दुसऱ्या वाक्याकडे. चर्चासत्रांतून ते असे ऐकू येते : दशावतारात संहिता कोठे असते? आख्यान ठरते, भूमिका वाटल्या जातात, संवाद नट रंगभूमीवर उत्स्फूर्तपणे रचतात. तमाशातला सोंगाड्या दुसरे काय करतो? वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ची (१९६५) छापील प्रत आणि दादा कोंडके यांनी प्रयोगागणिक केलेले तिचे रूप यांत किती अंतर होते! एकनाथांची भारुडे म्हणजे तरी काय? कोणी जोशी, कोणी गोंधळी, कोणी वाघ्या होऊन बोलायचे. तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडी, बेलवाडी करीत इंदापुरास जाते, त्या वाटेवर सोंगे घेऊन भारूड म्हणणारे आजही दिसतात. मग या साहेबी खेळाचे कौतुक कशाला?

यांतील प्रत्येक विधान खरे आहे आणि निष्कर्ष खोटा आहे. दशावतारातील नट उत्स्फूर्त बोलतो तो समोरच्या प्रेक्षकासाठी. आख्यानाचा शेवट त्याला, सहनटांना आणि प्रेक्षकाला, तिघांनाही आधीच ठाऊक असतो. संकासुर कितीही हसवो, वेद परत मिळणार असतातच. कथनखेळात प्रेक्षकच नाही. जो सांगतो तोच पुढच्या क्षणी ऐकणारा असतो. सहृदय आणि कर्ता यांच्यातील जी सीमारेषा रससिद्धान्त गृहीत धरतो, ती येथे दर मिनिटाला पुसली जाते. आणि शेवट कोणालाच माहीत नसतो. सूत्रधाराला माहीत असेल तर खेळ बिघडला असे मानतात. हे दोन फरक गौण नाहीत. त्यांच्याकडे डोळेझाक करून काढलेले साम्य हे साम्य नव्हे, ते आत्मगौरव होय. त्यात लोककलेचाही अपमान आहे, कारण परक्या प्रकाराची पूर्वावृत्ती म्हणून तिला मान द्यायचा, स्वतःच्या अंगाने द्यायचा नाही, असा हा व्यवहार आहे.

परंतु माझा मुख्य आक्षेप याहून वेगळा आहे. ‘आपल्याकडे होतेच’ म्हणणाऱ्यांना साम्य शोधायचेच होते, तर ते त्यांनी चुकीच्या ठिकाणी शोधले. उत्स्फूर्ततेत शोधले, नियमात शोधायला हवे होते. आणि नियमांचा सर्वांत मोठा मराठी कारागीर याच बारामतीत राहिला.

मोरोपंत पन्हाळ्यास १७२९ मध्ये जन्मले आणि बारामतीस १७९४ मध्ये वारले. बारामतीकर नाइकांच्या सावकारी घराण्याच्या आश्रयाने पुराण सांगत त्यांनी आयुष्य काढले. त्यांचे ‘आर्याभारत’ आणि ‘केकावली’ पाठ्यक्रमांत राहिली. त्यांची अष्टोत्तरशत रामायणे मात्र कुतूहलाच्या कोपऱ्यात पडली. (ती सर्व आज उपलब्ध नाहीत, आहेत त्यांचीही फारशी कोणाला निकड वाटत नाही.) एकच कथा, शंभराहून अधिक वेळा, आणि त्यांतल्या कितीएक वेळा नवी अट घालून. निरोष्ठरामायण, परंतुरामायण, मंत्ररामायण, दामरामायण, ही नावे वाचूनच आपले समीक्षक हसतात. विष्णुशास्त्री चिपळूणकरांसारखा समर्थक लाभूनही पंतांच्या माथी ‘शब्दांची कसरत’ हा शिक्का बसला तो बसलाच. ‘संत, पंत, तंत’ या आपल्या आवडत्या त्रिविभाजनात संतांना अनुभव मिळाला, तंतांना जीवन मिळाले, पंतांच्या वाट्याला व्याकरण आले.

निरोष्ठरामायणाची अट जरा थांबून पाहू. ओष्ठ्य वर्ण वर्ज्य. निदान पवर्ग तरी संपूर्ण वर्ज्य. म्हणजे ‘म’ वर्ज्य. म्हणजे ज्या रामाची कथा सांगायची त्याचे नावच उच्चारता येत नाही. नामभक्तीच्या परंपरेत वाढलेल्या कवीने नाम न घेता रामायण सांगण्याची अट स्वतःवर घालून घ्यावी, याला कसरत म्हणणाऱ्या समीक्षकाला अट म्हणजे काय हेच कळलेले नाही. नियम येथे अलंकार नाही. काय सांगता येणार नाही हे तो ठरवतो आणि त्या न सांगण्याभोवती कथा फिरू लागते. दंडीने ‘दशकुमारचरिता’च्या सातव्या उच्छ्वासात हीच अट कथेच्या आत आणली : मंत्रगुप्ताचे ओठ प्रेयसीच्या दंतक्षतांनी दुखत आहेत, म्हणून तो आपली कहाणी ओष्ठ्य वर्णांवाचून सांगतो. जॉर्ज पेरेकने १९६९ साली ‘ए’ या अक्षरावाचून आख्खी फ्रेंच कादंबरी लिहिली तेव्हा पॅरिसच्या समीक्षेला हळूहळू उमगले की त्या अक्षराशिवाय फ्रेंचमध्ये ‘आई’ आणि ‘वडील’ हे शब्दच लिहिता येत नाहीत. आणि पेरेकचे वडील १९४० मध्ये सैनिक म्हणून मारले गेले होते, आईला १९४३ मध्ये आउश्वित्झला नेण्यात आले होते. पेरेकवर आमचे विद्यार्थी प्रबंध लिहितात. पंतांवर हसतात.

नियम हा कथनाचा घटक आहे, चौकट नव्हे, हे एकदा मान्य केले की कथनखेळांकडे पाहण्याची दृष्टी बदलते. ‘अपॉकॅलिप्स वर्ल्ड’मध्ये दोन फासे टाकतात. बेरीज दहा किंवा अधिक आली तर कृती सफल. सात ते नऊ आली तर सफल, पण काही किंमत मोजून. सहा किंवा कमी आली तर सूत्रधाराला प्रतिकूल काही घडवण्याची मुभा. आता छत्तीस शक्यतांचा हिशेब करा : निर्भेळ यश सहा वेळा, अपयश पंधरा वेळा आणि किंमत मोजून मिळणारे यशही पंधरा वेळा. म्हणजे निर्भेळ यशाच्या अडीचपट वेळा पात्राला जे हवे ते मिळते आणि त्याबरोबर नको ते पदरात पडते. हा केवळ गणिताचा भाग नाही. तेथे जगाविषयीचे एक मत आहे, आणि ते कोणत्याही पात्राच्या तोंडून न येता प्रत्येक प्रसंगात बोलते. फाशांऐवजी सहा कवड्या टाकू, म्हणजे खेळ देशी होईल, असे आमच्यातल्या एकाने उत्साहाने सुचवले. कवड्या आणल्या. फाशाचे सहाही अंक समान शक्यतेने पडतात. कवड्या मात्र मधल्या संख्यांकडे झुकतात आणि सर्व उताण्या किंवा सर्व पालथ्या पडणे दुर्मिळ असते. एका फाशाच्या जागी त्या आल्या आणि टोकाचे प्रसंगच आटले, सगळ्या गोष्टी मध्यम मार्गाने जाऊ लागल्या. देशीपणासाठी केलेला बदल जगाविषयीचे मतच बदलून गेला आणि कथेत कोणी एक शब्दही बदललेला नव्हता.

म्हणूनच रूपांतराविषयीची आपली रूढ कल्पना येथे अपुरी पडते. ड्रॅगनच्या जागी वेताळ, सरायीच्या जागी चहाची टपरी, सरदाराच्या जागी मावळा : इतके झाले की खेळ मराठी झाला, असे समजणारे पुष्कळ आहेत. अशा रूपांतराला मी वेशांतर म्हणतो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये दीर्घकाळ ‘रेस’ नावाचे एक खाते होते. पात्र जन्माने कोण, यावर त्याचे बळ, चापल्य, बुद्धी यांत अधिक-उणे होई. अमेरिकेतही यावर वाद झाला आणि २०२४ च्या आवृत्तीत तो शब्द काढून ‘स्पीशीज’ हा शब्द घालण्यात आला. पण तुम्ही मराठीत काय लिहाल? ‘वंश’ लिहून वेळ मारून नेता येईल. प्रामाणिक भाषांतर ‘जात’ असे आहे, आणि ते लिहिताच नियमाचा खरा चेहरा दिसतो : जन्मावरून गुण ठरतात. जो नियम इंग्रजीत निरागस वाटला तो मराठीत चातुर्वर्ण्याचा बचाव होऊन बसतो. वेशांतर करणाऱ्याला हे कळत नाही, कारण त्याचे लक्ष नावांवर असते. वेताळ आणून तो संतुष्ट होतो.

याच्या उलट, खरे रूपांतर नियमाशी भांडते. याचे उदाहरण म्हणून ‘द क्वायट इयर’ आम्ही इंदापूर तालुक्यात कसा आणला ते जरा विस्ताराने सांगतो, कारण समीक्षेला जे प्रश्न सुचले नाहीत ते त्या नकाशावर आपोआप उभे राहिले.

मूळ खेळ असा आहे. एका मोठ्या संकटातून वाचलेला एक लोकसमूह आहे. त्याला शांततेचे एक वर्ष मिळाले आहे. पत्त्यांच्या जोडातील बावन्न पाने म्हणजे बावन्न आठवडे, चार रंग म्हणजे चार ऋतू. खेळणारे कोऱ्या कागदावर त्या वस्तीचा नकाशा काढत जातात. कोणी एका व्यक्तीची भूमिका घेत नाही. सगळे मिळून समूहाच्या वतीने ठरवतात. आरंभी कोणत्या गोष्टीची टंचाई आहे आणि कोणती मुबलक आहे, याची यादी करतात. आपल्या पाळीला नवे काही शोधावे, एखादे काम सुरू करावे किंवा चर्चा घ्यावी. चर्चेत प्रत्येकाने एक-दोन वाक्ये बोलायची, पण निर्णय व्हायचा नाही. आपली पाळी नसताना बोलायचे नाही. आपल्याला विचारले गेले नाही असे वाटले तर अवहेलनेचा एक खडा उचलून समोर ठेवायचा. त्याचा खेळाच्या निकालावर कोणताही हिशेबी परिणाम होत नाही. वर्षाच्या अखेरीस इस्पिकचा राजा निघतो, हिमप्रदेशातून कोणी परके येतात आणि खेळ तेथेच थांबतो.

ज्याला भीमाकाठ ठाऊक आहे त्याला हे वाचून उजनी आठवल्यावाचून राहणार नाही. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाच्या पाण्याखाली इंदापूर तालुक्यातील नदीकाठची गावे गेली, घरे उठली, नवी गावठाणे वसली. उन्हाळ्यात पाणी खूप खाली गेले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते आणि ते पाहायला माणसे जातात. भिगवण-कुंभारगावच्या उथळ पाण्यात रोहित पक्षी उतरतात, ते पाहायला त्याहून अधिक जातात. आम्ही पळसदेव घेतले नाही. भीमेकाठचे एक काल्पनिक गाव घेतले आणि परक्यांच्या जागी पाणी आणले. इथपर्यंत वेशांतरच होते.

पहिली अडचण ऋतूंची. आपले ऋतू व्यवहारात तीन. बावन्नाला तिनाने भाग जात नाही. सतरा-सतराचे तीन ढीग केले आणि उरलेले पान पालखी तालुक्यातून जाते त्या आठवड्याला दिले. पाणी पावसाळ्यात चढते म्हणून वर्ष हिवाळ्यापासून धरले. ही किरकोळ दुरुस्ती झाली. दुसरी अडचण तितकी किरकोळ नव्हती. टंचाईच्या यादीत पाणी लिहायचे की मुबलकाच्या? ज्या तालुक्याच्या एका अंगाला नीरा डाव्या कालव्यावरचा ऊस उभा आहे आणि दुसऱ्या अंगाला दुष्काळ, त्यातल्या बुडणाऱ्या गावाला पाणी एकाच वेळी टंचाई आणि महापूर असते. मूळ नियम एक वस्तू दोन्ही याद्यांत लिहू देत नाही. आम्ही लिहिली, आणि त्या दिवसापासून प्रत्येक प्रसंगात ‘कोणासाठी?’ हा प्रश्न निघू लागला, जो मूळ खेळात निघत नाही.

तो का निघत नाही, याचे उत्तर भाषेत आहे. इंग्रजी नियमपुस्तिका ज्या समूहाविषयी बोलते त्याचे सर्वनाम ‘वुई’. मराठीत हे सर्वनाम नाही. मराठीत ‘आपण’ आहे आणि ‘आम्ही’ आहे; ऐकणाऱ्याला आत घेणारे एक, बाहेर ठेवणारे दुसरे. इंग्रजी बोलणाऱ्याला हा निर्णय टाळता येतो, मराठी बोलणाऱ्याला तोंड उघडताच घ्यावा लागतो. खेळातल्या चौदाव्या आठवड्यात चर्चा निघाली. पहिला म्हणाला, ‘आपण सगळे मिळून अर्ज करू.’ दुसरा म्हणाला, ‘आपण देवळाचे आधी ठरवू.’ तिसरी म्हणाली, ‘आम्हाला नव्या गावठाणात जागा कुठे, ते आधी सांगा.’ तिची पाळी संपली. नियमाप्रमाणे कोणी उत्तर द्यायचे नव्हते. सगळे नकाशाकडे पाहू लागले. ‘आम्ही’ म्हणणारी माणसे नकाशावर कोठेच राहत नव्हती. तेरा आठवडे गाव रेखाटले गेले होते, त्यात देऊळ होते, चावडी होती, घाट होता, बाभळींचे बन होते. गावकुसाबाहेर काहीही नव्हते. कोणी ते मुद्दाम वगळले नव्हते. नियमाने गाव हा एक समूह आहे असे धरले होते आणि आम्ही त्या नियमाने गाव पाहिले होते.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी गावाच्या गौरवीकरणावर जो हल्ला केला, त्याची उजळणी ग्रामीण साहित्याच्या प्रत्येक परिसंवादात होते. तेथे तो एक मत म्हणून येतो. सहमती नोंदवून पुढे जाता येते. येथे तो व्याकरणातून आला आणि पुढे जाता येईना, कारण कागद रिकामा होता. आम्ही खेळ थांबवून एक नियम घातला : जो कोणी ‘आम्ही’ म्हणेल त्याने नकाशावर बोट ठेवून, हे कोठून बोलतो ते दाखवावे, जागा नसेल तर ती आधी काढावी. एवढाच नियम. पुढच्या बैठकांत त्याने सगळी गोष्ट ताब्यात घेतली. अवहेलनेच्या खड्यांचेही तेच झाले. मूळ खेळात खडा उचलणे ही एक मूक खूण असते आणि तिचा परिणाम शून्य असतो. मूक नाराजीचा परिणाम शून्य, हे आमच्यातल्या दोघांना इतके परिचयाचे वाटले की त्यांनी तो नियम बदलू दिला नाही. ‘हा एक नियम मात्र अस्सल आपल्याकडचा आहे,’ असे त्यांतला एक म्हणाला. देशीपणाविषयी मी ऐकलेले हे सर्वांत अचूक विधान असावे.

भाषेचा आणखी एक खटका येथे नोंदवतो. कथनखेळात माणूस वर्तमानकाळात, प्रथमपुरुषात बोलतो. इंग्रजीत पुरुषाची भूमिका घेतलेली स्त्री आणि स्त्रीची भूमिका घेतलेला पुरुष यांचे क्रियापद सारखेच राहते. मराठीत ‘मी दार उघडतो’ की ‘मी दार उघडते’ हे ठरवल्यावाचून दार उघडत नाही. तमाशा आणि दशावतार यांना हा प्रश्न नाही, तेथे सोंग अंगावर असते. बैठकीत सोंग फक्त क्रियापदाला असते. आमच्या बैठकींत मुली पुरुष-पात्राचे ‘उघडतो’ सहज म्हणत. पुरुष मात्र ‘उघडते’ म्हणण्याआधी हसत, किंवा मुकाट तृतीयपुरुषात जाऊन ‘ती दार उघडते’ असे म्हणत. हे हसणे आणि हा पुरुषबदल यांवर एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने काम केले, तर मराठी निवेदकाच्या लिंगाविषयी दहा कादंबऱ्यांच्या अभ्यासातून मिळेल त्याहून अधिक काही हाती लागेल.

मग आमच्या समीक्षेला हे दिसत का नाही? मर्ढेकरांपासून आलेली सौंदर्यवादी समीक्षा पूर्ण झालेल्या कलाकृतीची लय पाहते. येथे पूर्ण झालेले काही नाही. नेमाडे यांच्या देशीवादाने भाषा आणि भूमी यांना समीक्षेच्या मध्यभागी आणले, हे त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु त्याच्या अनुयायांनी देशीपण आशयात, बोलीत, वस्तूंच्या नावांत शोधले. ज्या नियमाने गोष्ट चालते तो नियम कोणाच्या बाजूचा आहे, हे त्यांनी विचारले नाही. गंगाधर पाटील, हरिश्चंद्र थोरात यांनी मराठीत कथनमीमांसेची जी साधने घडवली ती या कामी सर्वांत उपयोगी आहेत, पण ती कादंबरीपुरती वापरून ठेवून दिली गेली. कथनखेळ या सर्वांना अडचणीचा आहे, कारण त्यात नियम उघडा असतो. कादंबरीत तो लपलेला असतो. ‘ग्रामीण’ म्हणवणाऱ्या कितीएक कादंबऱ्यांत गाव हा एकच समूह आहे हा नियम तितक्याच बिनबोभाट चालू असतो. तेथे वाचकाला कागदावर बोट ठेवता येत नाही.

मित्रांची बैठक ही समीक्षेची जागा नव्हे, असे कोणी म्हणेल. मैत्री असल्यावाचून चौदाव्या आठवड्यातले ते वाक्य कोणी बोललेच नसते, आणि बोलल्यावर कोणी थांबले नसते, इतकेच मी सांगेन. चर्चासत्रात असे वाक्य आले की आभारप्रदर्शनाची वेळ झालेली असते.

पावसाळ्याच्या ढिगातील शेवटच्या पानावरून आमच्यात अजून वाद आहे. मूळ खेळात शेवटचे पान निघाले की गोष्ट थांबते. पुढे काय झाले हे सांगायचे नाही, असा नियम आहे, आणि सगळ्या वर्षाला ताण येतो तो त्यामुळेच, असे एका पक्षाचे म्हणणे. आमच्यात एक जण उजनीमुळे उठलेल्या घरातला आहे. तो म्हणतो, पाणी आले म्हणजे गोष्ट संपली हा धरण पाहायला आलेल्या माणसाचा नियम आहे; आमच्या घरी गोष्ट तेव्हा सुरू झाली, प्लॉटच्या नंबरापासून. त्याने बावन्न पानांचा दुसरा जोड आणून ठेवला आहे. पहिला पक्ष म्हणतो की दोन जोडांनी खेळ शिथिल होईल. तो म्हणतो, होऊ द्या, शिथिलच होता.